चढणीपेक्षा मुक्काम मोठा
भोसरीहून तिबेटी पठारावरच्या गोंपांकडे जाताना

पुणे-नाशिक रस्ता भोसरीचा उड्डाणपूल उतरला की मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावं मागे टाकत नारायणगावला पोचतो आणि तिथून जुन्नरकडे फाटा फुटतो. आज या रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर आणि कंपन्यांच्या बस धावतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरून नाणेघाट चढून आलेले व्यापारी तांडे जुन्नरला टेकत. अशा व्यापाऱ्यांच्या आणि गावकऱ्यांच्या दानातून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी कोरली गेली. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो, ते मंदिर म्हणजे मुळात सात नंबरचं लेणं, भिक्खूंचा विहार. मधे ऐसपैस मंडप आणि तीन बाजूंना मिळून वीस खोल्या. दर्शन झाल्यावर यातल्या एखाद्या खोलीत डोकावून पाहावं. एका माणसाला पाठ टेकता येईल एवढीच जागा, बाकी चारी बाजूंनी कातळ.

लडाख, स्पिती किंवा कैलासाच्या बाजूला गोंपा, म्हणजे तिबेटी बौद्ध मठ, पाहायला निघालेल्या भोसरी-चिंचवडच्या माणसाने प्रवासाचा पहिला टप्पा इथे करावा, असं मला मनापासून वाटतं. ज्यांना जुन्नर लांब पडतं त्यांना घोरावडेश्वर आहे, कार्ले, भाजे, बेडसे आहेत. बुद्धाच्या काळी भिक्खूंनी गावोगाव फिरावं आणि पावसाळ्यात मात्र एका जागी राहावं, असा नियम होता. या वर्षावासातूनच पुढे विहार उभे राहिले. मावळातला जुलैचा पाऊस ज्याने अंगावर घेतला आहे, त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे हे विहार ओस पडले, त्यालाही शतकं लोटली. हिमालयापलीकडे मात्र तीच व्यवस्था आजही रोज सकाळी जागी होते, पाठ म्हणते, स्वयंपाक करते, मुलांना अक्षरं गिरवायला लावते. लेणी पाहून मग गोंपात गेलं की त्या रिकाम्या खोल्यांत काय चालत असेल हे डोळ्यांपुढे येतं.

गेलेले ग्रंथ, परतलेले ग्रंथ

तिबेटी गोंपांशी आपलं नातं केवळ पर्यटनाचं नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने तरुणांची एक तुकडी संस्कृत आणि बौद्ध शास्त्रं शिकायला काश्मीरकडे पाठवली. एकवीस जण निघाले आणि ताप, उष्मा, प्रवास यांनी बहुतेकांचा बळी घेतला, असं परंपरा सांगते. जे परतले त्यांत रिन्छेन झांगपो (९५८ ते १०५५) होता. त्याने आयुष्यभर संस्कृत ग्रंथांचे तिबेटी अनुवाद केले, काश्मिरी कलाकार सोबत आणले, मंदिरं उभारली. पुढे १०४२ मध्ये बंगालचा आचार्य अतिश गुगेमध्ये पोचला.

बाराव्या शतकाच्या शेवटी नालंदा उद्ध्वस्त झालं आणि असंख्य संस्कृत ग्रंथ भारतातून नाहीसे झाले. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ या काळात चार वेळा तिबेटात गेले, तेव्हा तिथल्या गोंपांच्या कोठारांत त्यांना त्यांतल्या कितीतरी ताडपत्री पोथ्या सापडल्या. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या कारिकांची पोथी ङोर गोंपात होती. तिच्या छायाचित्रांवरून मूळ संस्कृत पाठ सिद्ध करून छापला तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक वा. वि. गोखले यांनी, १९४६ मध्ये. जो ग्रंथ आपल्या देशात हरवला, तो परक्या मुलखातल्या भिक्खूंनी सातशे-आठशे वर्षं धूर, वाळवी आणि लढायांपासून जपला. गोंपाच्या उंबऱ्याशी बूट काढताना हे ऋण लक्षात असावं.

कुठे जाता येतं

खुद्द तिबेटात आज मनाला येईल तसं फिरता येत नाही. परदेशी प्रवाशाला परवाना लागतो आणि नोंदणीकृत सहलसंस्थेमार्फत, गाईडसोबतच जावं लागतं. ल्हासाच्या परिसरातले गांदेन (१४०९), द्रेपुंग (१४१६) आणि सेरा (१४१९) हे मोठे मठ आणि गांदेनहून खिंडी ओलांडत जुन्या साम्ये मठापर्यंत जाणारी पायवाट जगभरच्या ट्रेकरांना खुणावते. भारतीयांसाठी मुख्य दार कैलास-मानसरोवर यात्रेचं. २०२० पासून बंद पडलेली ही यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखमार्गे पन्नास-पन्नास यात्रेकरूंच्या पाच आणि नाथुलामार्गे दहा तुकड्या ठरवल्या होत्या. वय १८ ते ७० आणि बीएमआय २५ किंवा त्याहून कमी, या अटींवर वैद्यकीय तपासणी होते. कैलासाची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, बहुतेक जण ती तीन दिवसांत करतात. वाटेत दिरापुक आणि झुथुलपुक हे गोंपा लागतात आणि मधे डोल्मा ला ही साडेपाच हजार मीटरहून उंच खिंड पार करावी लागते. हिंदू आणि बौद्ध कैलास उजवीकडे ठेवून फिरतात, तर तिबेटच्या जुन्या बोन धर्माचे लोक उलट्या दिशेने. समोरासमोर आलेले यात्रेकरू एकमेकांना वाट देतात.

पण तिबेटी पठाराची हवा, भाषा, घरं आणि गोंपा आपल्या देशाच्या हद्दीतही आहेत. लडाख आपल्याकडे सर्वांना ठाऊक झालं आहे. पायी चालत गोंपा पाहायचे असतील तर मी हिमाचलातल्या स्पितीचं नाव आधी घेईन.

हळू चढणारा रस्ता

स्पितीचं मुख्य गाव काझा, उंची सुमारे ३,६५० मीटर. तिथे जायला दोन रस्ते. मनालीहून अटल बोगदा आणि साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडली की एका दिवसात काझा गाठता येतं. दुसरा रस्ता सिमल्याहून सतलजच्या कडेने किन्नौरमार्गे. त्याला जास्त दिवस लागतात, आणि म्हणूनच तो चांगला.

भोसरी समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे-सहाशे मीटरवर. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीत कितीही पाय मारले तरी विरळ हवेची सवय इथे होत नाही. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण काझालाही एकवीस टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आत येतो. त्यामुळे दर श्वासाला मिळणारा प्राणवायू तेवढाच घटतो. शरीर यावर उपाय करतं: श्वास वाढवतं, लघवीवाटे रक्तातला क्षाराचा तोल सावरतं, काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढवतं. यासाठी त्याला वेळ लागतो आणि तो पैसे देऊन विकत मिळत नाही.

इथे आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. भोसरी हे पैलवानांचं गाव. तालमीत कमावलेलं शरीर, रोज दहा किलोमीटर पळण्याचा सराव, यांतलं काहीही उंचीच्या त्रासापासून वाचवत नाही. उलट तगडा गडी पहिल्याच दिवशी भराभर चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, बोलणं बरळल्यासारखं झालं किंवा सरळ रेषेत चालता येईना, तर फुफ्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. मग रात्र असो वा पाऊस, माणसाला ताबडतोब खाली उतरवायचं. प्राणवायूचा छोटा डबा हुंगून वरच थांबणं जिवावर बेतू शकतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी तर तिकीट काढण्याआधीच त्यांचा सल्ला घ्यावा.

जाणकारांचा साधा नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी काढायचा. या नियमात सिमल्याचा रस्ता बरोबर बसतो. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने अंबाला, पुढे सिमला, सराहन, मग २,९०० मीटरच्या आसपासचं कल्पा, मग ३,२८० मीटरवरचं ताबो, मग काझा. सराहननंतर प्रत्येक मुक्काम आधीच्यापेक्षा जरा उंच. ताबोला दोन रात्री राहिलात तर शरीरही सावरतं आणि पाहण्याजोगं जे आहे ते डोळे भरून पाहता येतं.

ताबोच्या मातीच्या भिंती

ताबोचा मठ ९९६ साली येशे-ओने स्थापला आणि १०४२ मध्ये त्याच्याच वंशातल्या राजाने त्याचं नूतनीकरण केलं. १९९६ मध्ये सहस्राब्दीनिमित्त दलाई लामांच्या उपस्थितीत तिथे कालचक्र विधी झाला. बाहेरून पाहिलं तर मातीच्या रंगाच्या बुटक्या, जाडजूड इमारती, सपाट धाब्याच्या. कळस नाही, नक्षी नाही. डोकं खाली घालून मुख्य मंदिरात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. उजेड छतातल्या छोट्या झरोक्यातून येतो तेवढाच. मिनिट-दोन मिनिटं उभं राहिलं की भिंतींवर माणसाच्या उंचीला, हवेत बसल्यासारख्या मूर्ती हळूहळू दिसू लागतात. माती-चुन्याच्या, रंगवलेल्या, एकीमागून एक सभोवार बत्तीस. मधोमध चार दिशांना तोंड केलेला वैरोचन. मूर्तींच्या खाली पट्टीपट्टीने रंगवलेल्या कथा: घोडे, तंबू, काश्मिरी वळणाचे डोळे, नक्षीदार धोतरं. एक हजार वर्षांपूर्वीचा रंग, आणि तो मातीच्या भिंतीवर टिकला, कारण इथे पाऊस जवळजवळ पडत नाही. अलीकडे मात्र स्पितीतही जोराच्या सरी येऊ लागल्या आहेत आणि मातीच्या छतांना त्यांचा धोका आहे. आत फोटो काढायला मनाई आहे, ती काटेकोर पाळावी.

मठासमोरच्या डोंगरात ध्यानासाठी कोरलेल्या गुहा आहेत. लेण्याद्रीच्या खोल्या पाहून आलेल्या माणसाला त्या गुहांची ओळख पटायला वेळ लागत नाही.

ताबोहून काझाच्या वाटेवर धनकर लागतं, स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर ढासळत्या मातीच्या सुळक्यांवर हा मठ उभा आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ च्या यादीत त्याला जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या शंभर वास्तूंत घेतलं होतं. आत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात. रांग मोडू नये.

गावांवरून पायी

खरी चाल काझाच्या वर सुरू होते: लांगझा, हिक्किम, कोमिक, देमुल, ल्हालुंग आणि परत धनकर. ही गावं जुन्या पायवाटांनी जोडलेली आहेत आणि सगळीकडे घरगुती राहण्याची सोय होते. लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर, म्हणजे ही चढण पाचशे मीटरच्या नियमाहून मोठी, म्हणून त्याआधी काझाला दोन रात्री हव्यातच. लांगझाच्या शेतांत सर्पिल शंखांचे जीवाश्म सापडतात, कारण ही जमीन एकेकाळी टेथिस समुद्राचा तळ होती. ते उचलून पिशवीत टाकू नयेत. हिक्किमला टपाल कार्यालय आहे आणि तिथून घरी पत्र पाठवता येतं. कोमिकचा मठ साक्य पंथाचा, ‘की’ नावाचा मठ, ताबो आणि धनकर गेलुग पंथाचे, तर पिन खोऱ्यातला कुंगरी न्यिंगमा पंथाचा. एकाच खोऱ्यात तीन परंपरा पाहायला मिळतात.

वाटेवर दगडांवर मंत्र कोरलेल्या मणि-भिंती आणि स्तूप लागतात. ते आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. भेटेल त्याला ‘जुले’ म्हणायचं. देमुलमध्ये पाहुणे घरांत पाळीपाळीने वाटून देतात, म्हणजे मिळकत सगळ्या गावाला पोचते. जेवायला डाळ-भात, थुक्पा, मीठ-लोण्याचा चहा आणि भाजलेल्या जवाच्या पिठाचा त्साम्पा. ऑगस्टअखेर जव आणि वाटाण्याची काढणी चालते आणि घरातली सगळी माणसं शेतात असतात.

या वाटेवर स्थानिक गाईड घ्यावाच. वाट चुकू नये एवढ्यासाठीच तो लागत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिणारा, तुमच्या चेहऱ्यावरून ‘आज इथेच थांबू’ म्हणणारा, मठातल्या लामाला तुमचा प्रश्न त्यांच्या भाषेत विचारणारा माणूस तोच. ज्या सहलसंस्थेच्या कार्यक्रमपत्रिकेत विश्रांतीचा दिवसच नाही, तिच्याकडे पैसे भरू नयेत.

आपल्या भागाला डोंगर नवा नाही. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेले. भोसरीत सागरमाथा गिर्यारोहण संस्था आहे आणि पावसाळ्यात दर रविवारी इथली पोरं सह्याद्रीत असतात. अडचण पायांची नाही, रजेची आहे. मे महिन्यात कुंझुम बहुधा बर्फात असतो, दिवाळीत थंडी कडक होते. चांगला काळ ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर, आणि तेव्हा कंपनीत सुट्टी मिळवणं अवघड. म्हणून कार्यक्रम आठवड्यात कोंबला जातो, मनालीहून थेट काझा, एका दिवसात चार मठ, आणि परत. त्यातून फोटो मिळतात, पण ताबोच्या अंधारात डोळे सरावायला लागणारी दोन मिनिटंही मिळत नाहीत.

विहार ही संस्था मुळात थांबण्यासाठीच जन्मली, आणि उंचीवर शरीरही तेच मागतं. म्हणून मुक्काम आधी ठरवावेत आणि अंतर मागून. पुढच्या वर्षी सप्टेंबरची रजा मागाल तेव्हा दोन दिवस जास्त मागा. एक ताबोला द्या, एक काझाला.