पोत्याला न चिकटणारा खर्च

साखरेच्या पोत्यामागे किती ऊस लागला हे मोजता येते. पण यंत्रांचा घसारा, विमा, कायम कामगारांचे पगार कुठल्या पोत्यावर टाकायचे? हा कारखान्याचा अप्रत्यक्ष खर्च. त्यातला बराचसा स्थिर असतो. समजा, तो वर्षाला १६ कोटी रुपये आहे. ८ लाख क्विंटल साखर निघाली तर क्विंटलमागे २०० रुपये पडतात, ४ लाखच निघाली तर ४००. चुना, गंधक यांचा खर्च मात्र गाळपाबरोबर वाढतो-घटतो. वीजबिल दोन्हींच्या मधले: स्थिर आकार ठरलेला, युनिटचा वापरानुसार. दुष्काळात ऊस तुटपुंजा आला की साखर महाग पडते, ती मुख्यतः या स्थिर खर्चामुळे. उत्पादनखर्चाचे आकडे वाचताना हंगाम किती दिवस चालला, हे आधी पाहावे.