खंजिरी हातात देण्याआधी

संगीताचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गाचं दार आधी बंद होतं. तिसरीची चाळीस मुलं, एक पेटी, आठ-दहा खंजिऱ्या, थोड्या झांजा आणि ३५ मिनिटं. ‘मुलं ऐकतच नाहीत’ ही तक्रार या तासाला जास्त येते, याचं कारण साधं आहे. गणिताच्या तासाला आवाज करायचा नसतो. इथे तो करायचाच असतो आणि हवा तेव्हा थांबवायचाही असतो. मुलांना हे जमत नाही असं नाही. परिपाठाला हीच मुलं राष्ट्रगीताची ५२ सेकंदं ताठ उभी राहतात, कारण कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं हे तिथे पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिल्या तासाला गाणं नंतर घ्यावं, थांबणं आधी.

डस्टर आपटणं किंवा ‘गप्प बसा रे!’ ओरडणं यांनी गोंगाटात एका आवाजाची भर पडते, इतकंच. त्यापेक्षा तिहाई घ्या. केरवा आठ मात्रांचा. ‘ति ट धा’ हे तीन मात्रांचे बोल लागोपाठ तीनदा म्हटले की नऊ मात्रा होतात. समेवर सुरू केलं, तर शेवटचा ‘धा’ बरोबर पुढच्या समेवर पडतो. बाईंनी बोल म्हणायचे, मुलांनी प्रत्येक ‘धा’वर टाळी द्यायची आणि तिसऱ्या टाळीनंतर हात मांडीवर. सुरुवातीला तिसऱ्या ‘धा’नंतरही दोन-चार टाळ्या वाजतात. रागवायची गरज नसते, कारण ती आगाऊ टाळी सगळ्यांना ऐकू आलेली असते आणि वाजवणाऱ्याला सगळ्यांत आधी. हसू द्यावं, पुन्हा घ्यावं. मग हीच खूण वर्षभर ठेवावी. आज तिहाई, उद्या शिट्टी, परवा घंटा असं केलं की मुलं एकाही खुणेला दाद देत नाहीत. आणखी एक पथ्य शिक्षकानं पाळायचं: खूण दिल्यावर वर्ग पूर्ण थांबेपर्यंत पुढचं वाक्य बोलायचं नाही. आवाजावर आवाज चढवून एकदा सूचना दिली, की खुणेनंतरही बोललं तरी चालतं हे मुलांना कळतं.

खरी कसोटी वाद्यं वाटताना लागते. हातात खंजिरी आली आणि ती वाजवायची नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगणं म्हणजे समोर जिलबी ठेवून श्लोक म्हणायला लावणं. सगळ्या सूचना हात रिकामे असतानाच द्याव्यात. काय वाजवायचं, कधी, कितीदा, हे आधी टाळ्यांवर करून घ्यावं आणि वाद्य सगळ्यांत शेवटी द्यावं. प्रत्येक वाद्याची विसाव्याची जागाही ठरवून द्यावी. खंजिरी मांडीवर पालथी. झांजा छातीला टेकवून धरल्या की त्यांचा नाद तिथेच मरतो. टिपऱ्या खांद्यावर. लेझीम मात्र हातात राहिलं की साखळी किणकिणत राहणारच. ते सरळ जमिनीवर ठेवायला लावावं. ‘वाजवू नका’ म्हणण्यापेक्षा ‘खंजिरी मांडीवर’ म्हटलेलं मुलं पटकन करतात, कारण करायला काहीतरी असतं.

आता हिशेब करा. खंजिऱ्या आठ, मुलं चाळीस. बत्तीस जण नुसते बघत बसलेत. चिमटे, कागदाची विमानं, ‘बाई, हा बघा ना!’ हे सगळं या बत्तीसांतून येतं. म्हणून एक रांग वाजवील, दुसरी गाईल, तिसरी मांडीवर ताल धरील, चौथी फक्त ऐकेल आणि सम चुकली का ते सांगील, अशी कामं वाटून द्यावीत. दर चार आवर्तनांनी वाद्यं मागच्या रांगेकडे सरकवावीत, तीही ठेका चालू ठेवून. पाळी येणार हे नक्की असलं की हिसकाहिसकी बरीच कमी होते. आपल्याकडे गाणं शिकायची जुनी रीत गुरूपुढे एक-दोन शिष्य बसण्याची. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात बसवून शिकवण्याचा पाया घातला. तरीही पुढच्या चौघांना शिकवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे अनेक वर्गांत अजून चालू आहे.

बेशिस्त म्हणून नोंद होते त्यातली बरीचशी मुळात सुराची अडचण असते. बाई आपल्या सोयीनं काळी पाचचा षड्ज धरतात. गाणं मंद्र पंचमाकडे उतरलं की मुलांचा आवाज तिथे पोचत नाही, आणि ज्याला गाता येत नाही तो बोलायला लागतो. काळी एक किंवा पांढरी दोन धरून पाहा. तीच मागची रांग गाऊ लागते. पेटीचीही एक गोची आहे. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर, नजर खाली. अशा वेळी मागच्या बसकरपट्टीवर काय चाललंय हे देवालाच ठाऊक. चाल बसेपर्यंत मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर भागवावं आणि रांगांमधून फिरत गावं. जवळ येऊन उभं राहिलेल्या बाईंना बहुतेक वेळा काही बोलावंच लागत नाही.

तरीही एखादा उरतोच. आधी नजर, मग जवळ जाणं, मग हळू आवाजात नाव. तेवढ्यानं भागलं नाही, तर वाद्य एका आवर्तनापुरतं खाली ठेवायला लावावं आणि आठवणीनं परत द्यावं. तासभर काढून घेतलं, तर त्याच्याकडे खोडीशिवाय काही काम उरत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला बंदी आहेच, मानसिक छळालाही आहे. ‘तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव’ हे स्नेहसंमेलनाच्या तालमीत सर्रास ऐकू येणारं वाक्य मी त्यातच धरते. ते ऐकलेली माणसं पन्नाशीतही ‘मला गाता येत नाही’ म्हणतात. कानांवर हात ठेवणारं मूल मात्र खोडकर नसतं. त्याला आवाज खरोखर सोसत नसतो. त्याला दाराजवळ बसवावं आणि मात्रा मोजायचं काम द्यावं.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. वाद्यं रांगेनं पेटाऱ्यात जाऊ द्यावीत, आधी खंजिऱ्या, मग झांजा, आणि तोवर बाकीच्यांनी संथ लयीतलं एखादं गाणं म्हणत राहावं. लेझीम नाचवून, द्रुत लयीत वर्ग सोडला तर पुढच्या तासाचे गणिताचे सर मुख्याध्यापकांकडे जातात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.