टॅब बिघडलेला नसतो, त्याला कुलूप लागलेले असते!

आमच्या भागातील एका द्राक्ष बागायतदाराची ही गोष्ट. माणूस हिशेबी. निर्यातीच्या द्राक्षांसाठी फवारणीची नोंद ठेवावी लागते हे त्यांना पक्के ठाऊक. म्हणून ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक फवारणी त्यांनी टॅबमध्ये लिहून ठेवलेली. कोणते औषध, किती पाण्याला किती, कोणत्या तारखेला, सगळे काही. औषधाच्या डब्याचा फोटोसुद्धा काढलेला.

एके दिवशी सकाळी टॅबची स्क्रीन आडवी झाली. टॅब उभा धरला तरी अक्षरे आडवीच. मान वाकडी करून वाचायची पाळी आली. बाजाराच्या दिवशी त्यांनी तालुक्याच्या गावी एका दुकानात टॅब दाखवला. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, सेन्सर गेलाय. रिसेट मारून बघू, नाहीतर बोर्ड बघावा लागेल." काका म्हणाले, "मार बाबा, काय मारायचं ते. पण चालू कर."

अर्ध्या तासाने स्क्रीन छान फिरू लागली. काका पैसे देऊन घरी आले, टॅब उघडला आणि कपाळाला हात लावला. चार महिन्यांच्या नोंदी आणि फोटो, सगळे गेले होते. आठवीतल्या नातवाने विचारले, "आबा, वरून खाली ओढून ते फिरवायचं बटण बघितलं होतं का?"

बटण म्हणजे काय, हेच आबांना माहीत नव्हते. टॅबला काही झालेले नव्हते. बोट लागून स्क्रीन फिरण्याचे कुलूप लागले होते, एवढेच. रिसेटने टॅब कोरा झाला आणि त्याबरोबर ते कुलूपही उघडले. नशीब म्हणायचे, औषध दुकानाची बिले जपून ठेवलेली होती. त्यांवरून निम्म्याअधिक नोंदी पुन्हा जुळवता आल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

ही गोष्ट एकट्या आबांची नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो काढून नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या हातात आले. तलाठी भाऊसाहेब (आताचे ग्राम महसूल अधिकारी), ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, अंगणवाडीताई, सगळ्यांचेच काम आता मोबाईल नाहीतर टॅबवर. अशा वेळी स्क्रीन अडकली की काम अडते. घाईघाईने दुकान गाठले तर पैसे जातात आणि कधी कधी नोंदीही जातात. म्हणून स्क्रीन का अडकते आणि घरच्या घरी काय बघायचे, ते आज पाहू.

आतला ओळंबा

टॅब उभा की आडवा हे त्याला कसे कळते? गवंडी भिंत सरळ आहे का हे ओळंब्याने बघतो. ओळंब्याचे वजन नेहमी जमिनीकडे ओढले जाते, त्यावरून सरळ काय ते कळते. टॅबच्या आत असाच एक अगदी बारीक ओळंबा असतो. त्याला अॅक्सेलरोमीटर म्हणतात. डोळ्यांना दिसणार नाही इतके बारीक वजन स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर टांगलेले असते. पृथ्वी त्याला ज्या बाजूला ओढते ती बाजू खालची, असे टॅब समजतो. आपण टॅब आडवा केला की ओढ दुसऱ्या कडेकडे जाते आणि स्क्रीन फिरते.

यातूनच एक साधी गोष्ट ध्यानात येईल. टॅब टेबलावर किंवा मांडीवर सपाट ठेवला की ओढ स्क्रीनच्या पाठीमागे जाते. उभे कोणते अन् आडवे कोणते हे त्या ओळंब्याला सांगताच येत नाही. मग स्क्रीन आधी होती तशीच राहते. म्हणून पहिली तपासणी हीच: टॅब हातात घ्या, समोर सरळ उभा धरा, मग हळूच आडवा करा आणि दोन सेकंद थांबा. टेबलावर पडलेला टॅब गोल गोल फिरवून काही उपयोग नाही.

आधी कुलूप बघा

अँड्रॉइड टॅब असेल तर स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. मग पुन्हा एकदा खाली ओढा. चौकोनी किंवा गोल बटणांची एक पाटी उघडते. त्यात 'ऑटो रोटेट' नावाचे बटण असते. मराठी भाषा लावली असेल तर शब्द वेगळा दिसेल, पण खूण ओळखता येते: तिरका मोबाईल आणि त्याभोवती वळणारे बाण. ते बटण फिके असेल तर कुलूप लागलेले आहे. एकदा दाबा, ते उजळेल आणि स्क्रीन फिरू लागेल. काही टॅबवर कुलूप लागले की त्याच बटणाखाली 'पोर्ट्रेट' म्हणजे उभे किंवा 'लँडस्केप' म्हणजे आडवे असे लिहून येते. त्यामुळे ऑटो रोटेट हा शब्द दिसला नाही म्हणून घाबरू नका. तेच बटण आहे.

२०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पासून आणखी एक सोय झाली. कुलूप लागलेले असताना टॅब आडवा केला की खालच्या कडेला फिरत्या बाणाची एक बारीक खूण काही क्षण दिसते. ती दाबली की स्क्रीन तेवढ्यापुरती वळते. गंमत अशी की नकळत या खुणेवर बोट पडूनच पुष्कळांची स्क्रीन आडवी होऊन बसते. उलटे करायचे तर टॅब उभा धरा, खूण पुन्हा येऊ द्या आणि दाबा.

आयपॅड असेल तर उजव्या वरच्या कोपऱ्यातून बोट खाली ओढा. कुलपाभोवती गोल बाण अशी खूण दिसेल. ती उजळलेली असेल तर दाबून बंद करा. जुन्या आयपॅडच्या कडेला एक बारीक सरकती कळ असते, तिच्याकडेही लक्ष द्या. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा ही कळ स्क्रीनच्या कुलपासाठी होती. त्याच वर्षी कंपनीने ती आवाज बंद करण्याची कळ केली. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा २०११ मध्ये दोन्हींपैकी काय हवे ते सेटिंगमधून निवडण्याची मुभा मिळाली. सांगायचा मुद्दा असा की या कुलपाने भल्याभल्यांना चकवले आहे. आपण चकलो तर लाजण्याचे कारण नाही.

काही कार्यालयांत विंडोजचे टॅब असतात. त्यांना कीबोर्ड जोडलेला असला की टॅब स्वतःला लॅपटॉप समजतो आणि स्क्रीन फिरवायचे बटण फिके पडून दाबलेच जात नाही. कीबोर्ड काढा, मग सेटिंग, सिस्टीम, डिस्प्ले या वाटेने जाऊन 'रोटेशन लॉक' बंद करा. कोणत्याही कंपनीच्या टॅबला कीबोर्डचे कव्हर असेल तर ते आधी काढून बघावे.

कुलूप उघडे, तरी फिरत नाही?

कुलूप उघडे असूनही स्क्रीन हलत नसेल, तर दोष बहुतेक वेळा त्या अॅपचा असतो. खरे तर तो दोषही नव्हे. काही अॅप बनवणाऱ्यानेच फक्त उभी बनवलेली असतात, काही फक्त आडवी. ती कितीही हलवली तरी वळणार नाहीत. खात्री करायची तर फोटोंच्या गॅलरीतला एखादा फोटो उघडा आणि टॅब आडवा करा. फोटो वळला म्हणजे टॅब ठणठणीत आहे. मग त्या अॅपपाठी डोके लावू नका.

टॅबचा पहिला पडदा, म्हणजे जिथे सगळ्या अॅपच्या खुणा मांडलेल्या असतात, तोही पुष्कळदा वळत नाही. त्याचे सेटिंग वेगळे असते. मोकळ्या जागेवर बोट दाबून धरा, होम सेटिंग उघडा आणि तिथे पडदा फिरू देण्याची परवानगी आहे का ते बघा.

एवढ्यानेही जमले नाही तर टॅब पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसती स्क्रीन काळी करणे म्हणजे बंद करणे नव्हे, बरं का. बाजूचे बटण दाबून धरा, 'रीस्टार्ट' निवडा. टॅब सुरू झाल्यावर पुन्हा उभा-आडवा करून बघा. अडकलेला ओळंबा कितीतरी वेळा एवढ्यानेच सुटतो. सिस्टीमचे अपडेट बाकी असेल तर तेही करून घ्यावे.

नवीन अॅप घेतल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर संशय त्याच्यावर घ्या. अँड्रॉइडमध्ये 'सेफ मोड' असतो. बंद करण्याचे बटण स्क्रीनवर दिसते तेव्हा त्यावर बोट दाबून धरले की बहुतेक टॅब सेफ मोडमध्ये जायचे का असे विचारतात. त्यात आपण बाहेरून घेतलेली अॅप झोपलेली असतात. तिथे स्क्रीन नीट फिरली तर चोर सापडला! टॅब पुन्हा साधा चालू करा आणि शेवटी घेतलेले अॅप काढून टाका. पण अॅप काढले की त्यातली न पाठवलेली माहितीही जाते. म्हणून कामाचे सरकारी अॅप असेल तर आधी नोंदी अपलोड करा, मगच हात लावा.

सेन्सर खरेच गेला का?

हे दुकानदाराने सांगण्याआधी आपणच तपासू शकतो. गवंड्याच्या लेव्हलमध्ये पाण्यातला बुडबुडा असतो, तसा बुडबुडा दाखवणारी 'बबल लेव्हल' नावाची अॅप फुकट मिळतात. एखादे घ्या, उघडा आणि टॅब डावी-उजवीकडे कलवा. बुडबुडा टॅबबरोबर सरकला तर सेन्सर जिवंत आहे, भानगड सेटिंगची आहे. बुडबुडा एकाच जागी खिळून बसला, किंवा टॅब स्थिर असताना उड्या मारू लागला, तर मात्र सेन्सरचे दुखणे असू शकते. टॅब पडला असेल, पाण्यात भिजला असेल, तर तशी शक्यता वाढते. मग दुकान गाठायला हरकत नाही.

दुकानाची पायरी चढण्याआधी

दुकानात जाण्याआधी ही कामे करावीत. एक, फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या मोबाईलवर, संगणकावर किंवा मेमरी कार्डवर उतरवून घ्या. दोन, रेंज नसल्यामुळे पुढे न गेलेल्या नोंदी असतील तर रेंजमध्ये जाऊन पाठवा. तीन, सिम आणि मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. चार, टॅबमधल्या गुगल खात्याचा पासवर्ड आठवतो का ते बघा. बटणे दाबून रिसेट मारला तर टॅब पुन्हा तेच जुने खाते आणि पासवर्ड मागतो. तो आठवला नाही तर चालू टॅब दगड होऊन बसतो. पाच, दुकानदाराला स्पष्ट सांगा, "मला विचारल्याशिवाय रिसेट मारायचा नाही. आणि खर्च किती ते आधी सांगा."

सरकारी टॅब असेल तर तो बाहेर दुरुस्तीला देण्याआधी वरच्या कार्यालयाला विचारावे. त्यात गावाची माहिती असते.

कुलपाचा उपयोगही आहे

सगळा दोष कुलपाला देऊ नये. बांधावर उभे राहून अर्ज भरताना टॅब जरा कलला की स्क्रीन गरकन फिरते आणि बोट भलत्याच जागी पडते. अशा वेळी टॅब उभा धरून कुलूप लावून टाकावे. काम झाले की उघडावे.

कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. सातबारा टेबलावर ठेवून वरून फोटो काढला की तो पुष्कळदा आडवा येतो. कारण तेच, सपाट धरलेल्या टॅबला दिशा कळत नाही. कॅमेरा सुरू केल्यावर टॅब आधी समोर सरळ उभा धरा, मग हळूहळू खाली झुकवत कागदावर आणा. फोटो सरळ येईल. तरी आडवा आलाच तर गॅलरीत 'एडिट' करून फिरवता येतो, पुन्हा काढायला नको.

बैल चालेना म्हणून कोणी लगेच बाजार दाखवत नाही. आधी खूर बघतो, जू बघतो, शिवळा नीट आहेत का ते बघतो. टॅबचेही तसेच करावे. आधी कुलूप, मग अॅप, मग बंद-चालू, मग बुडबुडा. दुकान सगळ्यात शेवटी.

आबांनी आता दोन गोष्टी केल्या आहेत. फवारणीची नोंद टॅबबरोबर वहीतही ठेवतात. आणि स्क्रीन आडवी झाली की नातवाची वाट न बघता वरून बोट खाली ओढतात. "चार महिन्यांच्या नोंदी घालवून शिकलो," ते म्हणतात, "तुम्ही फुकट शिका."