आंदणात गेलेला किल्ला आणि अडुसष्ट लिंगांची वाट

सोलापूरच्या भुईकोटाइतका सोयरिकींत गुंतलेला किल्ला दख्खनमध्ये दुसरा नसावा. १५२४ च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा आंदण म्हणून हा किल्ला कबूल झाला. नवरी नगरला गेली, किल्ला मात्र आदिलशहाने सोडला नाही. सासर-माहेरच्या या भांडणात जवळजवळ चाळीस वर्षं फौजा सोलापूरवर चालून येत राहिल्या. मधल्या काळात किल्ला निजामशाहीच्या हाती लागला होताच. मग हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तोच किल्ला या खेपेला विजापूरकडे आंदण म्हणून गेला. आदिलशहाची बहीण नगरच्या शहजाद्याला दिली गेली, म्हणजे सरळ साटंलोटं. या सोयरिकीने दोन वैरी एका बाजूला आले आणि १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला. हंपीला जाऊन हळहळणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर हा किल्लाही पाहावा.

पण सोलापुरात कोणी ‘पाहायला’ येत नाही. येतात ते चादरी न्यायला, किंवा पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या फेरीतला मुक्काम करायला. नाताळच्या सुट्टीत प्राग-व्हिएन्नाला जाऊन आलेली आमची सोलापुरी मंडळीच तिथल्या जुन्या पेठांत तासन् तास पायी भटकल्याचं कौतुकाने सांगतात आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या घरापर्यंत रिक्षा करतात. त्यांना सगळाच दोष देता येणार नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर गेला की या गावात दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. चालण्याजोगं सोलापूर असतं ते डिसेंबर-जानेवारीत. आणि नेमक्या त्याच दिवसांत या शहराची सगळ्यात जुनी पदयात्रा निघते.

आधी किल्ला. पार्क मैदानाच्या बाजूने आत शिरलं की दुहेरी तटबंदी दिसते. बांधकाम बहमनी काळातलं, पुढे आदिलशाहीत भर पडलेलं. तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. सकाळच्या तिरप्या उन्हात तटाचे दगड नीट न्याहाळावेत. एखादा कोरीव दगड आडवा बसवलेला सापडतो, तो मुळात देवळाचा. आत मल्लिकार्जुनाच्या जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, म्हणजे किल्ल्याच्या आधी इथे काय होतं याचा पुरावा किल्ल्यानेच पोटात जपला आहे. औरंगजेब १६८५ मध्ये सोलापुरात येऊन राहिला आणि इथूनच त्याने विजापूरचा वेढा चालवला. पुढच्या वर्षी आदिलशाही संपली. १८१८ च्या मे महिन्यात दुसऱ्या बाजीरावाचं पायदळ आणि तोफा इथे असताना जनरल मन्रोने आधी पेठ घेतली, मग किल्ला. रविवारी सकाळी इथल्या बागेत मुलं घसरगुंडी खेळतात. माझी त्याला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती धड वाचता येईल असा एकही फलक नसण्याला.

किल्ल्यातून शहराकडे निघालं की वेशी लागतात, म्हणजे नावं लागतात. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस. रिक्षावाला रोज ही नावं घेतो, पण भिंत कुठे आहे असं विचारलं तर आपल्याकडेच बघत राहतो. शहराचा कोट एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. तशीच गोष्ट व्हिएन्नाची. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ जोसेफने तिथला तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या जागेवर रुंद रस्ता, ऑपेरा, संग्रहालयं उभी राहिली. आज पर्यटक त्याच रस्त्यावरून ट्रामने चक्कर मारतात. आपल्याकडे कोट गेला, गल्ल्या होत्या तशाच राहिल्या. चाटी गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. मला विचाराल तर हे बरंच झालं.

युरोपची हौस फेडायची असेल तर इंद्रभुवनासमोर उभं राहावं. आप्पासाहेब वारदांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा दगडी वाडा. खांब, कमानी, नक्षी, दर्शनी भागावरचे पुतळे, सगळा थाट सातासमुद्रापलीकडचा आणि घाम गाळलेला इथल्या पाथरवटांनी. महापालिकेचा कारभार इथून चालत आला, त्यामुळे कित्येक सोलापूरकरांनी ही इमारत पाहिली ती दाखल्याच्या नाहीतर घरपट्टीच्या रांगेत उभं राहून.

हा पैसा आला कुठून, ते कळायला गिरण्यांकडे वळावं लागतं. १८६० मध्ये आगगाडी सोलापूरला पोहोचली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांनी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी काढली, जिला गाव अजून ‘जुनी मिल’ म्हणतं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्व भागात माग खडखडू लागले आणि मराठी-कानडीच्या जोडीला तेलुगू गावात मुरली. जुन्या मिलची एक गंमत वकील मंडळींना पाठ असते. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, सरकारने तिचा कारभार ताब्यात घेतला आणि चिरंजितलाल चौधरी नावाच्या एका भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९५० च्या डिसेंबरात निकाल त्याच्या विरोधात गेला. पण कायद्यापुढील समानतेवर न्यायालयाने तेव्हा जे म्हटलं, ते देशभरचे कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. मँचेस्टरच्या अँकोट्स भागात जुन्या गिरण्यांची घरं आणि कचेऱ्या झाल्या, लोक त्या बघायला जातात. आमच्याकडे त्या गिरणीचं नाव घटनेच्या पाठ्यपुस्तकात जितकं ठळक आहे, तितकं तिच्या स्वतःच्या रस्त्यावरही नाही.

आता ती पदयात्रा. बाराव्या शतकात, जेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत, तेव्हा सिद्धरामेश्वर इथे होऊन गेले. ते बसवेश्वरांचे समकालीन, कानडीतले वचनकार आणि तलाव खोदवणारे योगी. त्यांनी गावाभोवती आणि गावात अडुसष्ट लिंगं स्थापली असं परंपरा सांगते. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट एका कुंभारकन्येने धरला. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. ते लग्न दर जानेवारीत नव्याने लागतं.

बहुधा १३ जानेवारीला बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. गावात त्यांना ‘काठ्या’ म्हणतात. माडीच्याही वर जाणारा सरळसोट बांबू, वर साज, आणि तो कमरेच्या आधारावर तोलून चालणारा पांढऱ्या बाराबंदीतला माणूस. वारं आलं की काठी लचकते, धरणाऱ्याचे पाय दोन पावलं आडवे जातात आणि बाजूचे चार-पाच जण श्वास रोखून सरकतात. कोणती काठी कोणत्या समाजाच्या मानाची, हे ठरलेलं आहे. दिवसभर अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि मिरवणूक रात्री परतते.

माझ्या मते सोलापूरचा सगळ्यात जुना नकाशा हाच आहे. फक्त तो कागदावर नाही, पायाखाली आहे. कोणतं लिंग तलावाकाठी, कोणतं गल्लीत दोन घरांच्या मध्ये, कोणतं पार वस्तीबाहेर. त्यांच्या मागे मागे चाललं की गाव कुठवर होतं, पाणी कुठे होतं, शेतं कुठे सुरू होत होती, हे आपोआप उलगडत जातं. कोट पाडला गेला, गिरण्या आल्या आणि बंद पडल्या, तरी ही वाट चालती राहिली. परगावच्या माणसाने हातात काही न घेता या मिरवणुकीच्या मागे राहावं. त्याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही. थकल्यास कुठल्याही वळणावर बाजूला होऊन चहा घ्यावा. पुन्हा गाठता येईल इतक्या संथ चालीने ती जाते.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या मंदिराजवळ सम्मती कट्ट्यावर लग्न लागतं, अक्षतांचा पाऊस पडतो. त्यानंतर होम मैदानावर बाजरीच्या पेंढ्यांची, शालू नेसवलेली कुंभारकन्या होमात अर्पण होते. मग भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, पाणी ठेवतात आणि ते कशाला तोंड लावतं, मूत्रविसर्जन करतं की नाही, त्यावरून पाऊसपाणी आणि बाजारभाव सांगतात. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. पुढे शोभेचं दारूकाम, आणि कप्पडकळी नावाच्या विधीने यात्रेची सांगता.

या आनंदाच्या आधल्याच दिवशी, १२ जानेवारीला, शहर चार पुतळ्यांपाशी जमतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, काही दिवस इंग्रजांचा अंमल गावात उरलाच नाही, आणि मग १२ मेपासून मार्शल लॉ लागला. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. गावाची वीण समजायला ही चार नावं पुरेशी आहेत.

खाण्याचं थोडक्यात. याच दिवसांत ज्वारीची कणसं हुरड्याला येतात. शहराबाहेर कुठल्याही ओळखीच्या रानात जावं. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं गूळभेंडीचं कणीस तळहातावर चोळताना चटका बसतो, पण थांबायचं नाही, गार झालेल्या हुरड्यात राम नाही. सोबत शेंगाचटणी आणि दही. जवळच्या हिप्परगा तलावावर पट्टकादंब उतरलेले असले तर तेही पाहून घ्यावेत.

गर्दीचं वावडं असणाऱ्यांनी १७ तारखेनंतर यावं. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांची आणि भज्यांची दुकानं, जानेवारी सरेपर्यंत असतो. काठ्या मात्र तोवर वाड्यात परतलेल्या असतात. त्या पाहायच्या तर तेराव्या तारखेचंच तिकीट काढावं लागेल, आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांना त्या आठवड्यात जागा मिळत नाही, म्हणून आरक्षण खुलं होताच काढलेलं बरं.