पगार कापला, पण सांगितलं कसं?

(मंदी आणि मन : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण मारिएनथालला होतो. ऑस्ट्रियातल्या त्या गावाला पोसणारी गिरणी बंद पडली आणि काम गेलेल्या पुरुषांची रस्त्यातली चालसुद्धा मंदावली. मारी याहोदा ही संशोधक आणि तिचे सहकारी यांनी ती घड्याळ लावून मोजली होती. आज त्यांच्याकडे वळू, ज्यांचं काम अजून टिकून आहे. त्यांच्याविषयी फार कोणी बोलत नाही. ‘तुझी नोकरी आहे ना, मग झालं तर!’ एवढ्यावर विषय मिटतो.

२०१९ मध्ये वाहनांची विक्री घसरली तेव्हा पिंपरी, भोसरी, चाकण पट्ट्यात ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद ठेवणं, हा शब्द घरोघरी पोचला. मोठ्या कंपनीची लाइन चार दिवस थांबली, की तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एक शिफ्ट जाते, मग टेम्पररी मुलांना ब्रेक मिळतो. उरलेली माणसं मशीनपुढे उभी असतात, पण कान ऑफिसच्या दाराकडे. आत कोणाला बोलावलं, किती वेळ लागला, बाहेर येताना चेहरा कसा होता. चहाच्या टपरीवर रोज नवी यादी तयार होते आणि रोज त्यात आपलं नाव असतं. नेमकं याच दिवसांत एखाद्या कंपनीत भिंतीवर ‘सकारात्मक राहा’ असा फलक लागतो किंवा व्याख्याता बोलावून टाळ्या वाजवून घेतल्या जातात. मला याचा राग येतो. ज्याला पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री नाही, त्याला आधी माहिती हवी असते. उत्साहाची भाषा त्यानंतर.

हे नुसतं माझं मत नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी अभ्यासकाने १९९० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. मोठी कंत्राटं हातची गेल्यामुळे त्यांपैकी दोन ठिकाणी दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी करायचं ठरलं. कपात सारखीच, मुदतही सारखी. फरक फक्त सांगण्यात ठेवला, आणि कुठे कसं सांगायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं.

एका कारखान्यात कंपनीचा अध्यक्ष स्वतः गेला. तो सुमारे दीड तास तिथे थांबला. कोणाला कामावरून काढावं लागू नये म्हणून पगार कापतो आहोत, हे त्याने आकडे आणि तक्ते दाखवून समजावलं, खेद व्यक्त केला आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यातली सभा पाव तासात आटोपली. कंत्राटं गेली, पगार कापला जाईल, दहा आठवडे चालेल, बस्स.

त्यानंतर ग्रीनबर्गने कारखान्यातून गायब होणाऱ्या मालाचा हिशेब पाहिला. कपातीच्या काळात चोरी दोन्ही ठिकाणी वाढली होती. पण जिथे पाव तासात निकाल सांगितला होता, तिथे ती कितीतरी जास्त वाढली, आणि नोकरी सोडून जाणारेही बहुतेक तिथलेच निघाले. तिसऱ्या कारखान्यात पगाराला हात लागला नव्हता, तिथे काहीच बदललं नाही. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही पहिल्या पातळीवर आली.

चोरीचं समर्थन करायचं नाही. पण ती करणारी माणसं दहा आठवड्यांपूर्वी तीच होती आणि दहा आठवड्यांनंतरही तीच. मधल्या काळात त्यांच्या खिशाला जेवढी झळ बसली, तेवढीच पहिल्या कारखान्यातल्यांनाही बसली होती. यांना त्यावर अपमानही सोसावा लागला.

याच ग्रीनबर्गचा २००६ मधला अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. तो चार रुग्णालयांतल्या ४६७ परिचारिकांचा आहे. वेतनाची पद्धत बदलल्याने काहींची मिळकत घटली आणि त्यांची झोप उडाली. मात्र काही ठिकाणी त्यांच्या वरिष्ठांना माणसांशी नीट वागण्याचं प्रशिक्षण दिलं होतं: ऐकून घ्यायचं, कारण सांगायचं, मान राखायचा. तिथल्या परिचारिकांचा निद्रानाश बराच कमी राहिला. मिळकत त्यांचीही घटलीच होती. सुपरवायझर कसा बोलतो याचा परिणाम कर्मचाऱ्याच्या रात्रीच्या उशीपर्यंत पोचतो, इतकं हे जवळचं आहे.

आता प्रश्न असा, की वरून कोणी काही सांगतच नसेल तर कामगाराने काय करायचं? इथे साल्व्हातोर मॅडी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं काम उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या इलिनॉय बेल या टेलिफोन कंपनीतल्या व्यवस्थापकांचा ते १९७५ पासून अभ्यास करत होते. मध्येच सरकारी धोरण बदललं, कंपनीची उलथापालथ झाली आणि जवळपास निम्मी माणसं कमी झाली. साधारण दोन तृतीयांश लोकांचं काम आणि प्रकृती ढासळली, एक तृतीयांश मात्र तगले. तगलेल्यांनी अंग काढून घेतलं नव्हतं. ते कामात आणि माणसांत राहिले, जे हातात होतं त्याच्यासाठी धडपडत राहिले आणि बदल म्हणजे आपल्यावरच कोसळलेलं संकट असं त्यांनी धरलं नाही.

शेडमधल्या भाषेत सांगायचं तर आपल्या मशीनचं रिजेक्शन किती हे आपल्या हातात असतं, ऑर्डर किती येणार हे नसतं. शिफ्ट कमी झाली तर शेजारचं मशीन शिकून घेता येतं. टपरीवरची यादी ऐकण्यापेक्षा चौघांनी मिळून थेट साहेबांना विचारता येतं: पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी हातात आहेत का? एकट्याने विचारायला भीती वाटते, चौघांना तेवढी वाटत नाही. आणि घरी बायकोपासून हे लपवू नका. लपवणाऱ्याला दोन ठिकाणी नाटक करावं लागतं, आणि घर काटकसर करायचं ठरवतं तेव्हा उशीर झालेला असतो.

पण हे सगळं कामगाराच्याच गळ्यात टाकणं मला मान्य नाही. सुरुवात वरून व्हायला हवी. हा लेख वाचणाऱ्यांत शेडचे मालक, दुकानदार, शाखाप्रमुख असतील. त्यांना विनंती आहे: कपात करायचीच असेल तर पगाराच्या पाकिटातून किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून कळवू नका. स्वतः जा, हिशेब दाखवा, तुमचा स्वतःचा किती कापला तेही सांगा, आणि शेवटचा प्रश्न येईपर्यंत तिथेच थांबा.