आजीचा गुडघा, नातीचा गुडघा

भाताची लावणी असो नाहीतर कांद्याची खुरपणी, संध्याकाळी उठताना तोंडातून "आई गं" निघतं, ते बहुतेक वेळा गुडघ्यामुळे. आज आम्ही दोन गुडघ्यांबद्दल बोलणार आहोत. एक साठीतल्या आजीचा, दुसरा चौदा वर्षांच्या नातीचा. दुखणं एकाच जागेचं. पण आजीच्या गुडघ्याला आपण ऑपरेशनची घाई करतो आणि नातीच्या गुडघ्याला उशीर. व्हायला हवं उलटं. हे आम्ही मनानं सांगत नाही. डॉक्टरांनी रुग्णांच्या संमतीनं केलेल्या अभ्यासांतून ते कळलं आहे.

आधी आजीचा गुडघा पाहू. वयाबरोबर गुडघ्यातली गादी झिजते, कधी तिला चीरही जाते. मग कुणी सांगतं, "दुर्बिणीचं ऑपरेशन करा, आतली साफसफाई होईल." हे ऑपरेशन जगभर लाखो लोकांवर झालं. पण आराम साफसफाईनं पडतो की आपोआप, हे कसं ओळखायचं?

अमेरिकेत ह्यूस्टन शहरातल्या डॉक्टरांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. एका गटाची दुर्बिणीतून साफसफाई केली, दुसऱ्याचा गुडघा आतून फक्त धुतला. तिसऱ्या गटाला कातडीवर नुसते छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. कुणाचं काय झालं, हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षं त्यांचं दुखणं आणि चालणं तपासलं. तिन्ही गटांत फरक निघाला नाही! हा निकाल २००२ साली छापून आला. पुढे २०१३ साली फिनलंड देशातल्या डॉक्टरांनी झिजून गादी फाटलेल्या १४६ जणांवर असाच अभ्यास केला. वर्षभरानंतर खरं ऑपरेशन झालेले आणि खोटं ऑपरेशन झालेले, दोघांनाही सारखाच आराम होता.

तुम्ही म्हणाल, ही तर फसवणूक झाली. नाही. ह्यूस्टनच्या प्रत्येक रुग्णानं आधी स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, की माझ्यावर कदाचित फक्त खोटंच ऑपरेशन होईल, हे मला माहीत आहे. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी नकार दिला.

मग आजीनं काय करायचं? मांडीचे स्नायू बळकट करायचे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, हळू खाली ठेवायचा. असं दहा वेळा, मग दुसरा पाय. वजन जास्त असेल तर थोडं उतरवायचं. उकिडवं बसणं शक्य तेवढं टाळायचं. मात्र गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, किंवा पडल्यावर लगेच सुजला असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिथं हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता नातीचा गुडघा. शाळेत कबड्डी खेळताना पडली, गुडघा दुखतो, असं आपण धरून चालतो. चोळतो, लेप लावतो, पट्टी बांधतो. साधा मार असेल तर दुखणं दिवसागणिक कमी होतं. पण दोन-तीन आठवडे झाले तरी वाढतच असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, गुडघ्याच्या वर किंवा खाली टणक सूज असेल, मूल लंगडत असेल, तर थांबू नका.

दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींमध्ये, उंची झपाट्यानं वाढण्याच्या वयात, हाडाचा एक कॅन्सर होतो. त्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा बहुधा गुडघ्याजवळच्या हाडात होतो. मार लागल्यानं तो होत नाही. मारामुळे आपलं लक्ष तिकडे जातं, एवढंच. अशी सूज चोळू नका, तिला डाग देऊ नका. आधी एक्स-रे काढा. उपजिल्हा रुग्णालयात तो निघतो. शंका आली तर गाठीचा तुकडा तपासावा लागतो, त्याला बायोप्सी म्हणतात. पुढचं ऑपरेशन जिथं होणार, तिथंच ती करून घ्या. तुकडा चुकीच्या जागेतून काढला तर वाचू शकणारा पायही गमवावा लागू शकतो.

पूर्वी या आजारात पाय कापत, तरीही बहुतेक मुलं वाचत नसत. ऑपरेशननंतर कॅन्सरची औषधं, म्हणजे केमोथेरपी, दिली तर उपयोग होतो का, यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. अमेरिकेत ३६ रुग्णांवर अभ्यास झाला, तो १९८६ साली छापला गेला. नुसतं ऑपरेशन झालेल्यांत दोन वर्षांनी शंभरात १७ जणच आजारमुक्त होते, औषधं मिळालेल्यांत ६६. वाद तिथं मिटला. आज वेळेत आलेल्या बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो. आजारी हाड काढून धातूचा सांधा बसवतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे उपचार होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

मोठ्या रुग्णालयात कधी तुम्हालाही विचारतील, "आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?" घाबरू नका, पण घाईनं अंगठाही उठवू नका. कागद मराठीत मागा, वाचून घ्या. विचारा: नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळं काय करणार? धोका कोणता? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? नाही म्हणालात तरी नेहमीचा उपचार मिळायलाच हवा, आणि मधूनच बाहेर पडायचाही तुम्हाला हक्क आहे. रुग्ण लहान असेल तर आईवडिलांची संमती लागते, आणि समजत्या मुलालाही विचारावं लागतं.

त्या ३६ जणांनी होकार दिला म्हणून आज आपल्या लेकरांना काय द्यायचं ते डॉक्टरांना ठाऊक आहे. पण त्याचा उपयोग लेकरू वेळेत पोचलं तरच. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारा: कुणाच्या घरी मुलाचा पाय कितीतरी दिवस दुखतोय का? कुणी हो म्हणालं, तर आशाताईंना सोबत घ्या आणि त्याच आठवड्यात एक्स-रे काढून आणा.