944 मिलिमीटरनंतरची वीस वर्षं

26 जुलै 2005. त्या दिवशी सुरू झालेल्या 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला जेमतेम 73. दोन्ही वेधशाळा एकाच शहरातल्या, मध्ये अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. दक्षिण मुंबईत कचेरीत बसलेल्या माणसाला आपल्या घरात मिठी नदी शिरली आहे हे आभाळाकडे पाहून कळणं शक्यच नव्हतं. एवढा पाऊस, एवढ्याशा पट्ट्यात आणि असा दुपारपासून कोसळेल, हे कुणालाच आधी सांगता आलं नाही. त्या पावसात महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसं गेली.

तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. साधं रडार ढग कुठे आहे ते दाखवतं. डॉप्लर रडारला ढगातले थेंब आपल्याकडे येताहेत की दूर चालले आहेत आणि किती वेगाने, हेही कळतं. त्यावरून ढगाच्या आतला वारा ओळखता येतो आणि पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज बांधता येतो. प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने पुराची कारणं तपासली, पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली, कुलाब्याला डॉप्लर रडार आलं. जानेवारी 2022 मध्ये अंधेरीजवळ वेरावलीला दुसरं आलं. एवढ्या मोठ्या शहराला दुसऱ्या रडारसाठी सतरा वर्षं थांबावं लागलं, हा उशीर मला आजही अक्षम्य वाटतो.

मात्र या वीस वर्षांत अंदाजाचं शास्त्र खरोखर पुढे गेलं, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या आणि नारळाच्या वाड्या त्याने आडव्या केल्या. अशा बागा पुन्हा उभ्या राहायला बरीच वर्षं लागतात. पण वादळ कुठे आणि कधी धडकणार हे आधी कळलं होतं, म्हणून किनाऱ्यावरची हजारो माणसं वेळेवर हलवता आली.

चक्रीवादळ ओळखता येतं आणि गावावर कोसळणारा वळीव चकवतो, याचं कारण आकारात आहे. वादळाचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो, ते समुद्रावर दिवसेंदिवस वाढत असतं आणि उपग्रहाला सतत दिसत असतं. वळवाचं तसं नाही. एप्रिल-मेमध्ये पठार तापतं, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर उठते. समुद्रावरून आलेली वाफ तिच्यात असली तर दुपारी तीन-चारच्या सुमाराला ढग उभा राहतो, तासाभरात गडगडून, कधी गारा टाकून मोकळा होतो. रुंदी काही किलोमीटर, आयुष्य तास-दोन तासांचं. एका शिवाराला झोडपतो, शेजारच्या गावात धूळसुद्धा बसत नाही. ‘आज दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस’ एवढं सकाळी सांगता येतं. कोणत्या गावात, ते ढग उभा राहिल्यावरच कळतं.

म्हणून अंदाजातले शब्द नीट वाचायला हवेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे साधारण निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. ‘तुरळक ठिकाणी जोरदार’ ऐकून आपल्याकडे थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असं होत नाही. तसंच ‘अतिमुसळधार’चं. तो शब्द जोर दाखवण्यासाठी वापरलेला नसतो. 24 तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर हे त्याचं माप आहे. हे 24 तास सकाळी साडेआठला संपतात. रोजच्या बातमीपत्रात या मापांना दोन ओळींची जागा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

अंदाजाबद्दलच्या गैरसमजाची सर्वांत कडू आठवण 2017 ची आहे. हवामान खात्याने देशात सरासरीच्या 98 टक्के पाऊस सांगितला होता. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी त्या भरवशावर पेरणी केली, पावसाने ओढ दिली, आणि त्यांनी चक्क पोलिसांत तक्रार दिली. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस 95 टक्के भरला. म्हणजे आकडा फारसा चुकला नव्हता. पण चार महिन्यांची, अख्ख्या देशाची सरासरी एका तालुक्याच्या जुलैबद्दल काहीच सांगत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की हजारसुद्धा भरत नाही, अशा राज्यात तर नाहीच. शेतकऱ्यांचा संताप मला रास्त वाटतो. बियाण्याचे पैसे त्यांचे गेले होते, आणि त्या टक्क्याचा अर्थ बांधावर जाऊन कुणी सांगितला नव्हता.

2025 मध्ये मान्सून 26 मेला मुंबईत पोहोचला, नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवडे आधी. त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली भारत फोरकास्ट प्रणाली कार्यान्वित झाली. अंदाज मांडण्याची आधीची 12 किलोमीटरची चौकट त्यामुळे 6 किलोमीटरवर आली. मग मान्सून जूनच्या मध्यापर्यंत अडून राहिला. तोवर पेरणीची घाई करू नका, असा सल्ला मात्र मेअखेरीसच दिला गेला होता. 2017 मध्ये हवी होती ती हीच भाषा: टक्केवारीऐवजी ‘75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’.

पण हे मिलिमीटर कुणाच्या शिवारातले? ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळागणिक दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. मंडळात 65 मिलिमीटरहून जास्त पडला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे त्यावर ठरतात. एका मंडळात मात्र कितीतरी गावं येतात. केंद्र एका गावात आणि ढगफुटी दुसऱ्यात, असं झालं की पाण्याखाली गेलेलं शेत कागदावर कोरडंच राहतं. केंद्रं ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे. ती रेंगाळू देता कामा नये. तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधं पर्जन्यमापक उघड्या जागी, झाडा-भिंतींपासून दूर बसवावं, रोज सकाळी साडेआठला मोजावं आणि आकडा फलकावर लिहावा. शाळेतल्या मुलांनाही हे काम जमेल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय कुणीतरी मांडा.